अकरावं नाव

"तुमचं नाव खोडा म्हणून समोरचे लोक लय मागं लागले होते. पण तुमचे तवाचे कप्तान माणिकराव हटले न्हाईत," मुंजाजी मास्तर म्हणाले, आणि चष्मा कपाळावर सरकवून अर्जावर सही कुठं करायची ते शोधू लागले.

बांधकामाच्या ऑफिसात चन्नप्पाच्या हातातला आवकेचा शिक्का शाईच्या गादीवर टेकला होता, तो तसाच राहिला. मास्तर आले होते त्यांच्या गल्लीतल्या खोदलेल्या रस्त्याची तक्रार घेऊन. एका शाळेत वीस वर्षं ड्रिल शिकवून ते आता घरी बसले होते, आणि पूर्वी परभणीत कुठलीही मॅच असली की अंपायर तेच असत. ओळख निघाली, सोनपेठचं नाव निघालं, चार वर्षांपूर्वी नांदेडच्या टीमशी झालेली मॅच निघाली, आणि त्या ओघात हे वाक्य येऊन पडलं. चन्नप्पानं विचारलं, "कुठलं नाव?"

"चिठ्ठीवरचं. टॉसच्या आधी अकरा नावं द्यावी लागतात की. तुमी आलेले न्हवते. नांदेडवाले म्हणले, मैदानावर न्हाई त्याचं नाव कसं घेता, दुसरा माणूस घाला. माणिकराव म्हणले, आमचा अकरावा गाडीत हाय. टॉस जिंकला आन् ब्याटिंग घेतली. फिल्डिंग घेतली आसती तर दहाच माणसं उभी ऱ्हायली आसती, न्हाई तर तुमचं नाव गेलं आसतं. ब्याटिंगला काय, अकराव्याची पाळी येस्तोवर कोण मोजतंय." मास्तरांना सहीची जागा सापडली. सही करता करता ते सहज म्हणाले, "तुमाला ठाव न्हवतं व्हय?"

"ठाव होतं," चन्नप्पा म्हणाला. त्यानं शिक्का मारला. तो इतक्या जोरात बसला, की तारखेतला पहिला आकडा फुटून शाईचा ठिपका झाला.

मास्तर गेले. नंतर दुपारभर तो हजेरीपट उतरवत होता. बोरीच्या रस्त्यावरचे मजूर, देवगाव फाट्याच्या खडीवरचे मजूर, नावामागून नाव. हे काम त्याला आवडायचं, कारण हात चालत राहतो आणि डोकं मोकळं असतं. आज तेच नकोसं झालं. मोकळ्या डोक्यात ती सकाळ यायला लागली होती. ती सकाळ त्याला पाठ होती, असं तो समजत होता. चार वर्षं तो ती सांगत आला होता. मोंढ्याजवळच्या हॉटेलात संध्याकाळी टीमची जुनी-नवी माणसं बसत. कुणीतरी म्हणायचं, चन्नप्पा, ते सदतीस सांग. आणि तो सांगायचा. डिसेंबरचा महिना, रात्रभर दव पडलेलं, काळ्या मातीवर अंथरलेली काथ्याची चटई पिळली तर पाणी निघावं अशी, आणि आपले कप्तान टॉस जिंकून म्हणतात काय, तर ब्याटिंग. आश्रुबा पहिल्याच चेंडूवर गेला. त्याच्या मागं सगळे, गोठ्याचं दार उघडल्यावर गुरं जावीत तसे. आणि कप्तान स्वतः एक बाजू धरून दीड तास नुसते उभे, चेंडू आला की ब्याट पुढं, चेंडू आला की ब्याट पुढं. लोक ओरडायलेत, कप्तान झोपले का म्हणून. आणि एवढं सगळं करून शेवटी मारला तो कसला फटका, तर आभाळात. इथं चन्नप्पा हात वर करून, तोंड उघडं टाकून, वर गेलेला चेंडू बघायचा, आणि हॉटेल हसायचं. सदतीस ऑल आउट. हे सगळं तो असं सांगायचा, जणू पहिल्यापासून तिथं होता. खरं तर तो पोचला तेव्हा नववी विकेट पडायची होती. बाकीचं त्यानं दुसऱ्यांकडून ऐकून आपलं केलं होतं.

आपण कुठं होतो. हा प्रश्न त्यानं स्वतःला कधी विचारलाच नव्हता, आणि आता विचारल्यावर एकदम डब्यातला तंबाखूचा वास आला. गंगाखेडहून सुटलेली गाडी पोखर्णीला उभी होती. का उभी होती ते कोणालाच माहीत नव्हतं. समोर एक म्हातारा तंबाखू मळत होता आणि चन्नप्पा दर दोन मिनिटांनी दाराशी जाऊन इंजिनाकडं बघत होता. आदल्या दिवशी सोनपेठहून निरोप आला होता, की माय विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि पाय मोडला. तो तसाच गेला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला तेव्हा माय, सिद्धम्मा, तोंडात पदराचा बोळा घालून पडली होती, ओरडली नाही. कपाळावरची विभूती घामानं ओघळून भुवईत आली होती. पहाटे तिनंच त्याला उठवलं. म्हणाली, "जा तू. तुजे लोक वाट बघायले आसतील." तो म्हणाला, कशाची वाट, खेळ हाय तो. ती म्हणाली, "खेळ आसंल. पर बोलावलंय ना?" वडील ईश्वरअप्पा त्याच्या आधीच्या वर्षी गेले होते. वाण्याचं दुकान चुलत्यांकडं गेलं होतं. चन्नप्पा परभणीत एका नातलगाकडं पडून होता, मॅट्रिक होऊन दोन वर्षं झाली होती, नोकरीचा पत्ता नव्हता. चांगलं येत होतं ते एकच, चेंडू फेकणं. बैलगाडीतून गंगाखेडपर्यंत येताना त्याला वाटत होतं, आता गेलो नाही तर तेही सुटेल.

निरोप आला तेव्हा त्यानं माणिकरावांना सांगितलं होतं. कोर्टाच्या पायऱ्यांवर, घाईघाईत. माणिकराव कोर्टात कारकून होते. निजामाच्या वेळचे सगळे कागद उर्दूत, आणि नव्या साहेबांना उर्दू येत नव्हती, म्हणून जुनं काही निघालं की माणिकरावांना हाक यायची. हैदराबादला शिकायला होते तेव्हा तिथं क्रिकेट शिकले. परभणीला पहिली चटई त्यांनीच आणवली. ते म्हणाले होते, "आईकडं जा. सकाळच्या गाडीनं येता आलं तर ये. नाही आलास तरी काही नाही." मग थोडं थांबून म्हणाले होते, "पण ये."

एवढंच. त्यापुढं त्यांनी काय ठरवलं ते चन्नप्पाला आज, चार वर्षांनी, एका तक्रार-अर्जाबरोबर कळत होतं. आणि आता ती दीड तासाची ब्याटिंग त्याच्या डोळ्यांपुढं आपोआप सरळ होत गेली. माणिकराव झोपले नव्हते. गाडीची वाट बघत होते. समोरून एकेक जण जात होता आणि ते आपली बाजू धरून होते, कारण नववी विकेट पडली आणि अकरावा आलेला नसला तर डाव तिथंच संपून फिल्डिंगला उतरावं लागणार होतं, आणि मग दुपारी त्या नावानं कोणी चेंडू फेकायला उभा राहिला नसता. स्टेशनवरून पळत आल्याचं त्याला आठवलं. बगलेत पिशवी, पायात वहाणा नाहीत, त्या हातात. मैदानाच्या कडेला लिंबाखाली तो येऊन उभा राहिला तेव्हा माणिकरावांनी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं होतं. ते पाहणं त्याला पक्कं आठवत होतं. आजपर्यंत त्याला वाटायचं, उशीर झाला म्हणून रागानं पाहिलं. आणि त्याच्यानंतर लगेच, पुढच्याच ओव्हरला, तो आभाळातला फटका. म्हणजे आता थांबायचं कारण उरलं नव्हतं. आता धावा काढायच्या होत्या, आणि त्या काढायला गेले. झेलबाद झाले. बस, एवढंच. ज्या फटक्यावर त्यानं चार वर्षं लोकांना हसवलं, तो फटका माणिकरावांनी त्याला बघून मारला होता.

खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. हातावर शाई लागली होती. चन्नप्पानं ती टिपकागदानं पुसली. त्याला वाटलं होतं, लाजच वाटेल. लाज होतीच, पण तिच्या खालून दुसरंच काही वर येत होतं. बारा-तेरा वर्षांचा असताना गोदेच्या पात्रात त्याचा पाय सुटला होता, आणि कोणीतरी मागून दंड धरला होता. कोण होतं ते पाण्यामुळं दिसलं नव्हतं, फक्त धरलेलं कळलं होतं. तसं.

त्या दुपारी त्यानं जे फेकलं ते पुन्हा कधी जमलं नाही. चटई तोवर वाळली होती, तिच्यात ताठपणा आला होता. सात विकेट. नांदेडनं अडतीस केल्या, पण सात माणसं घालवून. मॅच हरल्यावर सगळे माना खाली घालून चटई गुंडाळत होते, तेव्हा लिंबाखाली खुर्चीवर बसलेल्या बांधकामाच्या एका इंजिनियर साहेबांनी त्याला बोलावलं. म्हणाले, शिक्षण किती, अक्षर कसं आहे, उद्या ऑफिसात ये. दीड महिन्यानं हजेरी कारकुनाची जागा मिळाली. मग दोन खोल्या. मग माय परभणीला आली. पाय थोडा आखूड राहिला, पण काठी घेऊन ती देवळापर्यंत जाते. मग लग्न, गौराबाई, आणि आता पाळण्यातली मुलगी. हे सगळं त्या चिठ्ठीवरच्या एका नावातून निघालं होतं, आणि ते नाव कोणी खोडू दिलं नव्हतं.

आणि त्या मॅचनंतर आठ दिवसांनी टीममधल्या बन्सीधरच्या वडिलांच्या कापसाच्या दुकानात बैठक झाली. ते आठवलं तेव्हा चन्नप्पा टेबलावरून उठला आणि उगीच माठापर्यंत जाऊन आला. कप्तान बदलायचा का, हात वर करा. बन्सीधरचा हात, आश्रुबाचा हात, मग बाकीचे. चन्नप्पानं आधी इकडं-तिकडं पाहिलं होतं. मग आपलाही केला. साहेबांनी बोलावल्यामुळं तेव्हा आपल्याला किंमत आली आहे असं त्याला वाटत होतं. माणिकराव गाठोड्यावर बसले होते. "ठीक आहे," म्हणाले, आणि सामानाच्या पेटीची किल्ली बन्सीधरच्या हातात देऊन चपला शोधू लागले. त्यानंतर ते मैदानावर दिसले नाहीत.

पाच वाजता तो घरी गेला नाही. कोर्टाच्या मागच्या गल्लीत माणिकरावांचं घर होतं, तिकडं गेला. दारात केशरबाई, माणिकरावांची बायको, ज्वारी पाखडत होती. तिनं ओळखलं नाही. आतून माणिकराव बाहेर आले. केस बरेच पांढरे झाले होते. "चन्नप्पा," ते म्हणाले, "ये. आईचा पाय कसा आहे?"

या एका प्रश्नानं त्यानं रस्त्यात जुळवलेलं सगळं सांडलं. तो ओसरीच्या कडेला टेकला. केशरबाईनं पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

"मुंजाजी मास्तर भेटले," तो म्हणाला. "त्यायनी सांगितलं. चिठ्ठीचं."

माणिकराव समोर येऊन बसले. मग म्हणाले, "मास्तरांना जुनं फार आठवतं."

"तुमी आमाला सांगितलं कामून न्हाई?"

"काय सांगायचं होतं? चटई ओली आहे हे मला दिसत होतं. अंगठा दाबला तर पाणी येत होतं. मला वाटलं, आश्रुबा आणि मी मिळून ऐंशी तरी काढू, तोवर गाडी येईल. नाही निघाल्या. माझा अंदाज चुकला, चन्नप्पा. कप्तानाचा अंदाज चुकला तर लोक बोलतात. बोलायलाच पाहिजे."

"पर माझ्यापायी चुकला."

"तुझ्यापायी नाही." माणिकरावांनी त्याच्याकडं पाहिलं. "मला मॅच जिंकायची होती. तू नसतास तर नांदेडच्या दोनसुद्धा विकेट पडल्या नसत्या. तुझ्यासाठी मी उपकार म्हणून थांबलो नाही. माझ्याकडं तेवढा एकच बॉलर होता."

हे ऐकून चन्नप्पाला हलकं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही, आणि वाटायलाही नको होतं. माणिकराव खरं बोलत होते, पण त्या खऱ्याच्या कडेला आणखी काही होतं, ते त्याला बोलता येत नव्हतं. कोर्टाच्या पायऱ्यांवरचं 'पण ये' कोणत्या अंदाजात बसत होतं?

"बैठकीत मी हात वर केला," तो खाली बघत म्हणाला.

"पाहिलं मी."

"तवा तरी सांगायचं. मी केला नसता."

माणिकराव जरा हसल्यासारखे झाले. "तेव्हा सांगितलं असतं तर काय झालं असतं? बन्सीधर म्हणाला असता, एका सोनपेठच्या पोरासाठी टीम बुडवली. गावभर तेच झालं असतं. तुझी जागा अजून पक्की नव्हती. साहेबांच्या कानावर काय गेलं असतं? हा वेळेवर येत नाही, एवढंच. हजेरीच्या कामाला असा माणूस कोण घेतं?"

केशरबाई सुपातले खडे वेचता वेचता थांबली होती. तिलाही हे आजच कळत होतं, हे तिच्या हातांवरून दिसत होतं. ती नवऱ्याला म्हणाली, "आन् चार वर्षं सांजचं घरात बसून ऱ्हायलात ते?"

"घरात काय वाईट होतं," माणिकराव म्हणाले.

चन्नप्पा उठला, वाकला, आणि त्यांच्या पायाला हात लावला. माणिकरावांनी पाय मागं घेतला, पण उशीर झाला होता. "हे कुणाला सांगत बसू नको," ते म्हणाले. त्यानं हो म्हटलं नाही.

हॉटेल वाटेतच होतं. आत नेहमीचे सहा-सात जण होते, बन्सीधर मधल्या बाकावर. चार वर्षांत तो अंगानं सुटला होता, पण कप्तान म्हणून वाईट नव्हता. पोरांना वेळेवर बोलवायचा, सामान नीट ठेवायचा. येत्या रविवारी पूर्णेच्या टीमशी मॅच होती, तिची बोलणी चालू होती. चन्नप्पाला बघून आश्रुबानं जागा केली. "या," तो म्हणाला. "बन्सीधर म्हणतोय टॉस जिंकला तर काय घ्यावं. मी म्हणलं, सदतीसवाल्याला इचारा." सगळे हसले. हसून झाल्यावर नेहमीसारखे त्याच्याकडं वळून बसले, आता तो हात वर करून आभाळाकडं बघेल म्हणून.

चन्नप्पा बसला नाही. उभ्यानंच बोलायला लागला. आवाज आधी बारीक निघाला, मग ठीक झाला. मायचा पाय मोडला होता ते त्यानं सांगितलं. गाडी पोखर्णीला उभी होती ते सांगितलं. चिठ्ठी, टॉस, मास्तर काय म्हणाले ते सांगितलं. "मी तवा आलेलोच न्हवतो," तो म्हणाला. "तुमी आउट होऊ लागले तवा मी गाडीत होतो. मी सगळं तुमच्याकडून ऐकून सांगत आलो. ते झोपले न्हवते, माझी वाट बघायले होते. मला बघितलं, मंग फटका मारला. माझी नौकरी त्यायनी धरून ठिवली आन् मी त्यायची नक्कल करीत आलो."

चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. बन्सीधर बोटातली अंगठी फिरवत होता. चन्नप्पाला वाटलं, आता हे आपल्यावर उलटतील; उलटले तर उलटोत. त्याला भीती वाटत नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो त्या मॅचबद्दल आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं बोलला होता.

आश्रुबा म्हणाला, "मी पहिल्याच चेंडूला गेलो तवा ते समोरून आले होते. म्हणले, काई हरकत न्हाई, जा, सावलीत बस. मला वाटलं टोमणा मारला." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "चार वर्षं मी ते मनात धरून ऱ्हायलो, बघा."

बन्सीधर उठला. "घरी हायत का ते?"

"हायत."

सगळेच निघाले. गल्लीत अजून उजेड होता, गुरं परतत होती, त्यांच्या धुळीतून ते सात-आठ जण न बोलता चालत होते. चन्नप्पा सगळ्यात मागं राहिला. त्याला एकदम घरची आठवण झाली. माय काठी टेकत दारापर्यंत आली असेल, गौराबाई म्हणत असेल, यायला उशीर झाला आज. घरी गेल्यावर तो मायला पहिल्यापासून सगळं सांगणार होता. ती काय म्हणेल ते त्याला माहीत होतं. म्हणेल, त्यायला एकदा जेवायला बोलाव. हे चार वर्षांपूर्वीच करायला हवं होतं, पण माणिकराव अजून होते, त्यांचं घर होतं, आपल्याला तिथवर चालत जाता येत होतं. एवढं नशीब सगळ्यांना मिळत नाही, असं त्याला वाटलं, आणि त्यानं पावलं उचलली.

केशरबाईनं दारात एवढी माणसं बघितली आणि आत वळून म्हणाली, "आहो, बाहेर या. बसायला सतरंजी काढते." माणिकराव आले. त्यांनी एकेकाकडं पाहिलं, मग मागं उभ्या असलेल्या चन्नप्पाकडं. सांगू नको म्हटलं होतं, हे त्यांच्या नजरेत होतं; पण त्या नजरेत राग नव्हता. चार वर्षांपूर्वी मैदानावरही नव्हता, हे आता त्याला कळत होतं.

बन्सीधर पुढं झाला. त्यानं एकदा घसा साफ केला. शेवटी म्हणाला, "रविवारी पूर्णेवाले यायलेत. टॉस जिंकलो तर काय घ्यावं, ते इचारायला आलो."

माणिकराव उंबऱ्यावर उभे राहून विचार करू लागले. खरोखरच विचार करत होते; दव किती पडतंय, ऊन कधी येतं, पूर्णेच्या टीमला चेंडू फेकणारं कोण आहे.

"आता कसं सांगू," ते म्हणाले. "सकाळी येऊन बघावं लागेल."